आधी घरच्या माणसावर

कॅमेऱ्याचं जुनं शटर कितीही नामांकित असो, बाबालाल शिकलगार त्याच्यावर एकदम विश्वास ठेवत नसे. कडीवर एक सेकंद लिहिलंय म्हणून ते सेकंदभरच उघडं राहील, हे त्याला मान्य नव्हतं. माणसं म्हातारपणी रेंगाळतात, मग आतल्या स्प्रिंगांनी काय घोडं मारलंय, असं तो म्हणायचा. मिरजकर तिकटीजवळच्या त्याच्या दुकानात स्टुडिओवाल्यांच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांची शटरं दुरुस्तीला यायची आणि प्रत्येकाला दोन परीक्षा द्याव्या लागायच्या. पहिली ग्रामोफोनची. फिरत्या तबकडीवर खडूचा ठिपका काढून त्याचा फोटो घ्यायचा. शटर जितका वेळ उघडं, तितका ठिपका लांब ताणलेला. दुसरी परीक्षा जुलेखाची. शटर आधी घरच्या माणसावर, मग गिऱ्हाइकाच्या हवाली, हा नेम लग्नापासूनचा होता.

त्यामुळे त्याची बायको जुलेखा ही कोल्हापुरात सर्वांत जास्त फोटो निघालेली आणि एकही भिंतीवर न लागलेली बाई होती. मागच्या खोलीतल्या ठरलेल्या खुर्चीत ती बसायची, हिरव्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवून घट्ट बसवायची, म्हणजे त्या हलायच्या नाहीत, आणि श्वास धरायची. एवढं करूनही ती हमखास डोळे मिटायची. बाबालालला तिचे ते मिटलेले डोळे फार आवडायचे, पण हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं.

आणीबाणी उठली त्या वर्षी उचगावच्या वर्धमान फोटोग्राफरनं बेळगावच्या कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतलं एक शटर आणलं.

"बाबालालभाई, पुढं लग्नाचा ग्रूप हाय. भरवसा ठिवू का ह्येच्यावर?"

"आधी मला ठिवू दे की," बाबालाल म्हणाला.

तबकडीवरचा ठिपका जेवढा ताणायला हवा तेवढाच ताणला. जुलेखानं चहाचा भरलेला कप शेजारच्या स्टुलावर ठेवला, फोटो होईपर्यंत थांबली आणि मग चहा गार झाला म्हणून कुरकुरत प्यायली, मग कप बशीत पालथा घालून उठली. दुपारी निगेटिव्ह वाळल्यावर बाबालालनं ती उजेडात धरली. डोळे उघडे होते. आणि स्टुलावरचा कप रिकामा, बशीत पालथा घातलेला होता.

"तू च्या आधीच पिलीस व्हय?"

"अवं, तुमच्यादेखत नंतर पिले की. विसरलासा?"

त्यानं शटर उघडलं, बेंझिननं धुतलं, पुन्हा जुळवलं. मिटायला उशीर करतंय, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. पण तबकडीवरचा ठिपका पुन्हा अगदी बरोबर निघाला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" जुलेखा हसून म्हणाली. "बरोबर चालतंय तर देऊन टाका की."

तरी ती खुर्चीत बसली. या वेळी तिच्या मांडीवर काही नव्हतं. निगेटिव्हमध्ये मात्र बाळाची एक कुंची होती, जरीकाठाची, सुई अजून टोचलेली.

इथं सांगायला हवं, की त्यांची एकुलती लेक सलिमा चंदगडहून बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आधीची दोन्ही बाळं डोळे न उघडताच गेली होती. दोन्ही खेपेला जुलेखानं हौसेनं शिवलेल्या कुंच्या घडी न मोडता ट्रंकेत पडून होत्या, आणि आता सुईदोऱ्याला हात लावणार नाही, असं तिनं ठरवलं होतं. सलिमा दिवसभर पलंगावर पडून असायची आणि तिच्याकडे बघताना आईबाप दोघंही उगाच हसरे चेहरे करायचे.

जुलेखानं निगेटिव्ह बराच वेळ धरून ठेवली. "ही माझ्या लग्नातली ओढणी हाय," ती हळूच म्हणाली. "तिची कुंची शिवावी, असं काल मनात आलतं. कुणापाशी बोलले न्हाय."

त्याच संध्याकाळी तिनं ओढणीला कात्री लावली. कुंची पुरी झाली त्या दिवशी ती आपणहून येऊन खुर्चीत बसली.

"आणिक एक काढा."

"नगं. काय निघंल, सांगता येत न्हाय."

"म्हणून तर काढा. पुढचं आधी दावतंय न्हवं हे? माझी पोरगी ह्यातनं सुटती का न्हाय, तेवढंच बघायचंय मला."

त्याला नाही म्हणवेना. मांडी रिकामी निघाली तर हिला काय सांगायचं, याच विचारात त्यानं कॅमेरा लावला. बांगड्या वर सरकल्या, शटर सेकंदभर गुणगुणलं आणि मिटलं.

लाल दिव्याखाली बाबालालनं फिल्म धुतली. मांडीवर बाळ होतं. ओढणीच्या कुंचीत गुंडाळलेलं, आणि त्याचा चेहरा धूसर होता, पुसटलेला, कारण ते हललं होतं. बाळ हललं होतं. जन्मभर हललेल्या फोटोंवर चिडलेला तो माणूस त्या पुसटलेल्या चेहऱ्याकडे बघून लहान मुलासारखा रडला.

मग त्याची नजर जुलेखावर गेली. ती मुळीच हलली नव्हती. तिचं सगळं स्वच्छ, रेखीव आलं होतं. हातात एकही बांगडी नव्हती. गळ्यातली काळी पोत नव्हती. लग्न झालेल्या बाईचा हात आणि गळा असा कधी दिसतो, हे त्याला कुणी समजावायची गरज नव्हती.

मग त्यानं वर्धमानला निरोप धाडला, की स्प्रिंग गेली, लग्नाला माझं शटर घेऊन जा; धंद्यातलं त्याचं हे पहिलं खोटं. आणि निगेटिव्ह काचेवर ठेवून त्यानं रिटचिंगची पेन्सिल तासली. स्टुडिओवाल्यांच्या निगेटिव्हवर नवरीच्या गालावरचे डाग ज्या हातानं त्यानं वर्षानुवर्षं घालवले होते, त्याच हातानं त्यानं मनगटांवर बांगड्यांची चकाकी ओढली, चाकूच्या टोकानं खरवडून त्यांची कड काढली, गळ्यात पोतीचा एकेक मणी बसवला. इतकं सुबक काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

प्रिंट घेऊन जुलेखा दारातल्या उजेडात गेली. बाळ बघून तिनं पदर तोंडाला लावला, आतल्या पलंगाकडे बघितलं आणि पोरगी जागी होईल म्हणून आवाज न करता रडली. बाबालाल तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्याला फार बरं वाटत होतं.

मग ती पुन्हा फोटो बघू लागली. नवऱ्याची पेन्सिल तिनं उभा जन्म पाहिली होती.

"बांगड्या चांगल्या काढलासा," ती म्हणाली.

जुलेखानं फोटो चौकटीवर टेकवला, दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे सरकवून घट्ट बसवल्या आणि श्वास धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत.