रांगोळीचे ठसे

हरिश्चंद्र साव्यांच्या पाया पडायला दिवाळीत माणसांची कमी नव्हती. पाडव्याला मुलगा प्रितेश, सून, नात ऋचा, आशागडचे पुतणे, सगळे बोर्डीच्या ओटीवर वाकून गेले. पाय वरून सगळ्यांनी पाहिले. तळवा पाहणारी एकच होती, त्यांची बायको बायजा, आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

साखरेच्या आजाराने त्यांच्या पायांतली जाणीवच गेली होती. तरी चिकूच्या वाडीत फिरायचे ते अनवाणीच. म्हणून बायजा रोज दिवेलागणीला त्यांचा पाय मांडीवर ओढायची. "द्या इकडे. सप्तपदी झालीय, आता कसली लाज!"

ती गेल्यावर डहाणूच्या डॉक्टरांनी बजावलं, "गुडघा वळत नसेल तर खाली आरसा ठेवून तळवे बघा. जखम चिघळली तर पाय काढावा लागेल." त्यांनी आरसा आणला. पण त्यात तळव्यामागे रिकामी खोली दिसायची. चार दिवसांत त्यांनी तो भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला.

पाडव्याच्या संध्याकाळी लादीवर लाल ठसे उमटले.

"आजोबा, माझी रांगोळी तुडवलीत!" ऋचा रुसली.

घरात कुणीतरी आपल्यावर रुसतंय, याचंच त्यांना केवढं सुख वाटलं. "तुडवणारच! घर माझं आहे," म्हणत त्यांनी मुद्दाम आणखी दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी प्रितेशची गाडी सगळ्यांना घेऊन चारोटीमार्गे मुंबईला गेली. ते ठसे पुसायला त्यांचं मन होईना.

तिसऱ्या दिवशी चिकू वेचायला आलेली बारकी ओटीपाशी थबकली.

"शेठ, रांगोळी तं मी काल ठशांसकट झाडली. आज लाल कुठून?"

ठसे ताजे होते, आणि एकाच पायाचे. हरिश्चंद्रांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"पाय दाव," बारकी म्हणाली.

"वेडी का तू? बाईमाणसापुढे तळवा करू?" ते म्हणाले खरे, पण विचारणारं दुसरं होतंच कोण! ते बाकावर बसले आणि त्यांनी पाय पुढे केला.

बारकीने खाली बसून तो मांडीवर घेतला. "अगं बाय! काटा मोडलाय आत. पू झालाय. चल शेठ, रिक्षा बोलावते, दवाखान्यात जाऊ."

हरिश्चंद्र उठले नाहीत. तिचा हात त्यांच्या टाचेखाली होता. तो नुसता दिसत होता, कळत नव्हता.

"जाऊ," ते म्हणाले. "दोन मिनिटं तसाच धर."