न वाचता केलेल्या सह्या

रुग्णालयाच्या प्राथमिक चौकशी अहवालाच्या तिसऱ्या परिच्छेदात असे म्हटले आहे: ‘सदर घटना संबंधित कर्मचारी मुलीने यादी न वाचता सही केल्यामुळे घडली असून त्याखेरीज अन्य कोणतेही कारण आढळून येत नाही.’

वाक्य सुबक आहे. भाषेला खोट नाही, सुरात घाई नाही, आणि ज्याने ते लिहिले त्याने ती यादी पाहिलेली नाही. पाहिली असती, तर तिच्या तळाशी एक नव्हे, चार सह्या आहेत हे त्याच्या ध्यानात आले असते. पहिली सही यादी मोठ्याने वाचणाऱ्या काकांची, दुसरी हत्यारे ट्रेमध्ये मांडणाऱ्या मुलीची, तिसरी विभागाच्या मोठ्या सिस्टरांची, चौथी शस्त्रक्रियेपूर्वी ट्रे उघडणाऱ्या परिचारिकेची. ‘बारा चिमटे मोजून पाहिले’ असे चौघांनीही सहीनिशी कबूल केले होते. ट्रेमध्ये अकरा होते. बाराव्याची बिजागरी ढिली झाल्यामुळे तो आठवड्यापूर्वीच दुरुस्तीला गेला होता, आणि यादीतून त्याला कमी करण्याचे काम सिस्टरांचे होते.

शस्त्रक्रिया संपताना मोजणी झाली, एक चिमटा कमी भरला, आणि तो पोटात राहिला असावा या धास्तीने रुग्णाला चाळीस मिनिटे जास्त भुलीत ठेवून क्ष-किरणांचे यंत्र ढकलत आणावे लागले. पोटात काही नव्हते. जे ट्रेमध्येच नव्हते ते पोटात कुठून येणार? रुग्ण बरा होऊन घरी गेला. दोष मात्र रुग्णालयातच राहिला, आणि त्याला राहायला जागा हवी होती. सर्वांत नवी, वयाने सर्वांत लहान आणि अजून कायम न झालेली अशी एकच जागा त्या विभागात होती.

ती एकोणीस वर्षांची होती. विभागात तिला ‘वजनकाटा’ म्हणत. धुऊन, सुकवून आलेली हत्यारे ती ट्रेमध्ये मांडी, ट्रे एकदा दोन्ही हातांवर तोली आणि म्हणे, “यात लहान कात्री नाही.” बघितले की खरोखरच नसे. पहिल्या महिन्यात लोकांनी पैजा लावून तिची परीक्षा घेतली. दुसऱ्या महिन्यात परीक्षेची हौस फिटली आणि नाव तेवढे उरले.

या विभागाची जुनी रीत अशी होती की एकाने यादी वाचायची आणि दुसऱ्याने वस्तू जागेवर ठेवून ‘आहे’ म्हणायचे. ‘आहे’ ऐकल्याशिवाय वाचणाऱ्याने पुढची ओळ घ्यायची नाही. ही रीत कोणी तिच्यावर दया म्हणून घातलेली नव्हती. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी ती पाहिली तेव्हा मुलीला वाटले की या जगात आपल्या मापाची एक तरी खोली कुणीतरी बांधून ठेवली आहे. कान तिचे, हात तिचे, डोळे काकांचे.

कारण तिचे डोळे अक्षरांशी जमवून घेत नव्हते. चौदाव्या वर्षी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला डिस्लेक्सिया म्हटले आणि आईला समजावून सांगितले की हा आळस नाही, नजरेचा दोष नाही, बुद्धीचाही नाही. मुलगी वाचेल, पण तिला ते कायम जड जाईल. त्याआधी नऊ वर्षे शाळेने वेगळे निदान केले होते: ‘तोंडाने पोपट, हाताने दगड.’ निदान फुकट होते म्हणून ते सर्वत्र मान्य होते. वाचताना तिला काय होते ते तिने कुणाला फारसे सांगितले नव्हते, कारण सांगण्याजोगे त्यात काही नाट्य नव्हते. इतरांना शब्द दिसतो. तिला तो दर वेळी नव्याने जुळवावा लागे. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात हातातून निसटलेली असे, मग परत मागे जायचे. एक पान म्हणजे भरलेली बादली घेऊन चार जिने. जिने कुणालाच चुकत नाहीत, पण बाकीचे रिकाम्या हातांनी चढत होते आणि वर पोचल्यावर विचारत होते, “एवढी दमलीस कशाने?”

त्या दिवशी तीन ट्रे एकदम मागवले गेले होते. काकांनी यादी हातात घेतली खरी, पण डोळे मिटूनही म्हणता येईल इतकी ती त्यांच्या जिभेवर बसलेली होती, आणि ‘आहे’साठी न थांबता ते शेवटपर्यंत घरंगळत गेले. मुलीचा हात अकराव्या चिमट्यावर असताना त्यांची सही झालीसुद्धा. तिने ट्रे तोलला.

“काका, हलका लागतोय.”

“पोरी, पोट रिकामं असलं की सगळंच हलकं लागतं. यादीत बारा आहेत ना? मग बारा. कर सही, माणूस दारात उभा आहे.”

तिने सही केली.

चौकशीच्या दिवशी सकाळी आई शिवणयंत्रावर बसली होती. याच यंत्रावर पाय हलवत तिने मुलीला दहावीपर्यंतचे सगळे धडे मोठ्याने वाचून दाखवले होते. इतिहासाला अस्तर आणि भूगोलाला काजे करत. तिने दोरा तोडला आणि डॉक्टरीणबाईंचा कागद पुढे केला.

“हा ने. यात स्वच्छ लिहिलंय, बुद्धी चांगली आहे म्हणून.”

“आई, ते बुद्धीची ओळ सोडून बाकीचा कागद वाचतील.”

“मग काय करणार आहेस?”

“कंटाळलेय गं. काहीच करू नये असं वाटतंय.”

मोठा भाऊ बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, “साहेबांना म्हणावं, तुमचा अहवाल वाचून झाला की कळवते. तोवर ते निवृत्त होतात.”

“तू गप रे,” आई म्हणाली; पण मुलगी हसली. भाऊ तिला कासव म्हणायचा, आणि परीक्षेच्या दिवसांत आईचा घसा बसला की तोच पुस्तक घेऊन बसायचा. मुलीने कागद पिशवीत टाकला.

चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर काका बसले होते. चष्मा काढून ते तो पुसत होते; तो स्वच्छच होता.

“पोरी, निवृत्तीला माझे चार महिने राहिलेत. मी नीट वाचलं, एवढं फक्त म्हण. तुझं वय आहे, तुला दुसरी नोकरी मिळेल.”

या माणसाने सहा महिने तिला तिचे डोळे उसने दिले होते. तिने खोलीचे दार ढकलले. नाही म्हणायलाही बळ लागते.

आत तिघे होते. मधोमध उपअधीक्षक साहेब, डावीकडे जबाब उतरवून घेणारे लेखनिक, आणि उजवीकडे मोठ्या सिस्टर. यादीवरच्या चार सह्यांपैकी एक अशी न्यायासनावर बसली होती, आणि हे त्या खोलीत कुणालाही विचित्र वाटत नव्हते.

“बस,” साहेब म्हणाले. “हा तुझा जबाब. आम्ही तयार करून ठेवलाय, म्हणजे तुला त्रास नको. सही केलीस तर समज देऊन सोडतो, नोकरी राहील. नाही केलीस तर प्रकरण वर जाईल, मग माझ्या हातात काही नाही.”

जबाब दोन पाने होता. दाट, बारीक टंकाचा.

“वाचते,” मुलगी म्हणाली.

“अगं, वाचत काय बसतेस? नेहमीचाच मजकूर आहे. कर सही.”

न वाचता सही केली म्हणून बोलावलेल्या मुलीला हे वाक्य साहेबांनी सहज, वडीलकीच्या सुरात ऐकवले. तिने पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची पट्टी काढली. पट्टीला एका ओळीपुरती खाच होती. ती तिने पहिल्या ओळीवर ठेवली.

“मी वाचून दाखवू का?” लेखनिकांनी विचारले. माणूस वाईट नव्हता.

“नको, दादा. मागच्या वेळी दुसऱ्यानेच वाचलं होतं.”

पुढची पस्तीस मिनिटे त्या खोलीत काहीही घडले नाही, आणि त्या काही न घडण्याला तिघेही पुरते वैतागले. सिस्टरांनी दोनदा सुस्कारा टाकला. साहेबांनी चहा मागवला, प्याला, आणि कप बशीवर जरा जोराने ठेवला. पट्टी खाली सरकत होती, मध्येच वर जात होती, पुन्हा खाली येत होती. पहिल्या पानाच्या शेवटी मुलीची मान आखडली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिला वाटले की सोडून द्यावे. इतके वाचले हेच पुष्कळ झाले, उरलेले तसेच असेल. बाकी सगळे जग याच विश्वासावर चालते, मग आपल्यालाच का हा सोस? पण खाचेत एक ओळ अडकली होती. ती तिने तीनदा जुळवली. चूक आपलीच असणार, या सवयीने चौथ्यांदाही जुळवली.

“साहेब, हे कुठलं यंत्र?”

“कसलं यंत्र?”

तिने बोट ठेवून सावकाश वाचले, “‘तसेच यंत्राचा दरवाजा नीट न लावता मी जेवायला निघून गेलो.’”

लेखनिक पुढे वाकले. त्यांचे कान लाल झाले. “ते… ते गेल्या वर्षीचं. वाफेच्या यंत्रावरचा तो माणूस होता ना, त्याचा जबाब. नमुना तोच वापरतो आपण. एक परिच्छेद राहून गेला वाटतं.”

“तपशील आहे,” साहेब म्हणाले. “काढून टाका.”

“खाली तुमच्या तिघांच्या सह्या आहेत,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात चढ नव्हता. चढायला लागणारे बळ पस्तीस मिनिटांत खर्ची पडले होते. “‘वाचून पाहिले, बरोबर आहे’ असं लिहिलंय वर.”

“मोठी शहाणी झालीस की!” सिस्टर कडाडल्या. “कालची पोर आम्हाला वाचायला शिकवणार?”

“नाही, सिस्टर. मला वाचायला फक्त वेळ लागतो.”

तिने पिशवीतला कागद काढून टेबलावर ठेवला. सिस्टरांनी तो वरच्या ओळीपासून खालच्या शिक्क्यापर्यंत एका नजरेत संपवला, जसा त्या सगळे कागद संपवत, आणि म्हणाल्या, “बघा, साहेब. वाचताच येत नाही हिला. मी म्हणत नव्हते?”

साहेबांनी तयार जबाब फाडला नाही. घडी घालून खणात ठेवला. नमुना पुन्हा लागणारच होता. मग कोरा कागद लेखनिकांपुढे सरकवून त्यांनी विचारले, “सरळ उत्तर दे. यादी वाचली होतीस की नव्हतीस? आणि विचार करून बोल, तुझी नोकरी आहे.”

मुलीने दाराकडे पाहिले. दारापलीकडे बाक होता, बाकावर काका होते. मग ती लेखनिकांकडे वळली आणि म्हणाली, “दादा, मी बोलते तसंच लिहा. लिहून झालं की मी वाचणार आहे.” लेखनिकांनी मान हलवली. ती एकेक वाक्य बोलली, त्यांची लेखणी थांबेपर्यंत थांबली, मग पुढचे बोलली. कागदावर उतरले ते असे:

“यादी मी वाचली नाही. तेवढ्या वेळात मला वाचता येत नाही, आणि हे मी नोकरी लागताना सांगितलं नाही. काकांनी यादी म्हटली, पण माझ्या ‘आहे’साठी ते थांबले नाहीत, रोज थांबायचे, त्या दिवशी थांबले नाहीत. ट्रे हलका आहे हे मला हातात घेतल्याबरोबर कळलं होतं. ते मी एकदा बोलले. दुसऱ्यांदा बोलले नाही, आणि सही केली. एवढा गुन्हा माझा आहे. ज्यांना वाचता येतं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल, असं मला तेव्हा वाटायचं.”