मुदतीनंतरचे उत्तर

"बाबा, जायचं ना मग?" धाकट्या भावाने विचारले आणि लिफ्टची वाट पाहावी तितका वेळ तो वडिलांच्या तोंडाकडे पाहत राहिला. वडील टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत होते. "बघ ताई, हे असं आहे. भिंतीशी बोलावं तसं."

"थांब की जरा. विचार करत असतील."

"दोन वर्षं करतायत! परवा गॅस चालू ठेवून अंघोळीला गेले. तेव्हाही विचारच चालू असेल. ती वृद्धाश्रमाची खोली आणखी कुणी घेतली म्हणजे बसू विचार करत. घरी थांबायला मी नोकरी सोडू, की बायकोला सोडायला लावू?" मग आवाज उतरवून, "तू नेतेस तुझ्याकडे?"

ताईंनी तोंड उघडले. त्यांना आपला दिवसभर बंद असणारा फ्लॅट दिसला, पुढच्या महिन्यातला दौरा दिसला. भाऊ त्यांच्यासाठीही तेवढाच वेळ थांबला, कदाचित थोडा कमी.

"ठरलं तर. रविवारी नेऊ."

अशा रीतीने गुरुवारच्या संध्याकाळी एका कुटुंबाचे एकमत झाले. दोघे गप्प होते आणि तिसरा बोलत होता. एकमताला याहून अनुकूल परिस्थिती सहसा लाभत नाही.

ताई संगणकशास्त्राच्या प्राध्यापक. 'आमच्या डॉक्टरबाई, फक्त औषध देत नाहीत,' अशी भाऊ त्यांची ओळख करून देई. धावत्या आगगाडीचे ब्रेक अनेक संगणकांनी मिळून कसे सांभाळावेत आणि त्यांतला एखादा बंद पडला तरी गाडी वेळेत कशी थांबावी, हा त्यांचा विषय. या शास्त्रात एक जुनी अडचण आहे. पलीकडचा संगणक मेला आहे की नुसता सावकाश चालला आहे, हे दुरून ओळखता येत नाही. दोघांचे मौन सारखेच असते. अडचण सुटेना, तेव्हा शास्त्राने मुदत नेमली. मुदतीत उत्तर आले नाही, तर तो मेला असे धरावे आणि पुढे चालावे. ही मुदत किती असावी, यावर ताईंनी उमेदीची सगळी वर्षे खर्ची घातली होती. एका परिषदेत कुणी तरी विचारले होते, "आणि मुदत उलटल्यावर त्याचं उत्तर आलं तर?"

"टाकून द्यायचं," ताई म्हणाल्या होत्या. "बरोबर असलं तरी. बाकीचे पुढे गेलेले असतात."

सभागृहात हशा पिकला होता. यात शास्त्राला दोष देण्याचे कारण नाही. गाडी धावत असते आणि समोर रुळांवरचे फाटक उघडे असते, तेव्हा सौजन्याला सवड नसते. जेवणाच्या टेबलावर मात्र कोणतीही गाडी चालून येत नव्हती, याची दखल गुरुवारी कुणी घेतली नाही. जिने घ्यायची, तिनेही नाही.

रविवारी दुपारी ते वृद्धाश्रमात पोहोचले. खोलीत दोन खाटा होत्या. गादीवरचे प्लास्टिक चादरीखाली करकरत होते. पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून झोपले होते. "आजोबांना काही हवंय? नाही ना? छान," असे व्यवस्थापिकाबाई एका दमात म्हणाल्या आणि गेल्या. गाडी फाटकात आडवी लागली होती, ती हलवायला भाऊ खाली उतरला. ताई खाटेच्या कडेला टेकल्या.

"नको," वडील म्हणाले.

"काय नको, बाबा? पांघरूण?"

वडील बराच वेळ स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत राहिले. "मला नाही जायचं तिकडे. मी घरीच बरा आहे. गॅसला हात नाही लावणार."

गुरुवारच्या प्रश्नाचे हे उत्तर होते. पूर्ण, मुद्देसूद, वर हमीसह. त्यात एकही चूक नव्हती. घरी वडिलांच्या खोलीत कालच भावाचे ऑफिसचे टेबल लागले होते आणि वडिलांची खाट उभी करून गॅलरीत ठेवली होती. खिशात किल्ली चाचपावी तशी ताईंनी आपल्या आत कुठे काही दुखते आहे का, हे चाचपून पाहिले. हाताला काही लागले नाही.

भाऊ दारात आला. "चल ताई. काही म्हणाले का बाबा?"

"नको म्हणाले."

"काय नको?"

वडिलांनी आधी मुलाकडे पाहिले, मग मुलीकडे. या वेळी उत्तर क्षणात आले.

"पंखा."

"बघ, बोलले की! रुळतील हळूहळू." भावाने खूश होऊन बटण बंद केले. उकाड्यात पाती फिरत फिरत थांबली. ताई उठल्या. बसल्या जागी चादरीला सुरकुती पडली होती. आयुष्यभर शिवणकारखान्यात कापड बेतलेल्या तळहाताने वडिलांनी ती सपाट केली. मग पुन्हा एकदा, पार कडेपर्यंत.