एक्केचाळिसावं मिनिट

"ताई, आधी नऊ नंबरची फाइल काढा. त्याचा एजंट सकाळपासून फोन करून माझं डोकं खातोय," व्यवस्थापक दारातूनच म्हणाले आणि टाय सैल करत आपल्या खोलीत शिरले.

कलमताईंनी ती फाइल आधीच काढून ठेवली होती. शनिवारी शेवटचा सामना हरून क्लब खालच्या श्रेणीत घसरला होता आणि रविवारी घरी कपडे वाळत घालता घालता त्यांनी सव्वीसच्या सव्वीस करार मनातल्या मनात वाचून काढले होते. चोवीस वर्षं त्या फुटबॉलपटूंचे करार टाइप करत आल्या होत्या. कुठल्या पानावर काय दडलंय हे त्यांना तोंडपाठ. म्हणून कधीतरी कुणा खेळाडूनं त्यांना 'कलमताई' म्हटलं, आणि ते नाव असं चिकटलं की खऱ्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यांनी मागं वळूनही पाहिलं नसतं.

क्लब खाली गेला की करारांतली झोपलेली कलमं जागी होतात. बहुतेकांचा पगार आपोआप निम्म्यावर येतो. एखाद्याच्या करारात आकडा लिहिलेला असतो. तेवढी रक्कम मोजणारा क्लब त्याला उचलून नेऊ शकतो, इथल्या कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. नऊ नंबरचं तसंच होतं. तो दुपारी आला, काळा चष्मा न काढता चार ठिकाणी सह्या केल्या, "येतो हं ताई," म्हणाला आणि गेला. वर्षभर ज्याच्या नावानं स्टेडियम दणाणत होतं, त्याला बाहेर पडायला सात मिनिटं लागली.

"आपला क्लब म्हणजे वेटिंग रूम झालीय," शिपाई म्हणाला.

नऊ नंबरच्या मागोमाग डावऱ्या आला. डाव्या पायानं खेळायचा, मैदानाच्या डाव्या बाजूला खेळायचा, जेवायचासुद्धा डाव्या हातानं. त्याला दुसरं नाव मिळणं शक्यच नव्हतं. वय बत्तीस. नऊ वर्षं याच क्लबात. त्याच्या नावानं कधी घोषणा झाल्या नाहीत, पण तो नसला की बचावाला भगदाड पडायचं आणि मग लोकांना त्याची आठवण व्हायची. आज त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात एक लिफाफा होता.

"ताई, माझं कलम आहे ना? मोकळं व्हायचं?"

"आहे की. क्लब घसरला तर तुला पैसे न भरता जाता येतं. दहा दिवसांत लेखी द्यायचं."

"मग हे बघा." त्यानं लिफाफा पुढं सरकवला. वरच्या श्रेणीतल्या एका क्लबाचं पत्र होतं. दोन वर्षांसाठी बोलावलं होतं, मात्र मोकळा होऊन येणार असशील तरच. ताईंनी गावाचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याची बायको तिथंच राहत होती. तिच्या आईला अर्धांगवायू झाल्यापासून, गेली दोन वर्षं, ती मुलीला घेऊन माहेरी होती आणि तिथल्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करत होती. हा इथं एकटा. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सहा तास जायचा, सहा तास यायचा.

"पोरीला वाटतं बाबा टीव्हीत राहतो," तो हसून म्हणाला. "आता सांगितलंय तिला, शाळेत सोडायला मीच येणार म्हणून."

ताईंनी करार उघडला. कलम चौदा. मोकळीक मिळण्यासाठी त्या हंगामात किमान वीस सामने खेळलेला असावा. आणि पंचेचाळीस मिनिटांपेक्षा कमी खेळ झाला असेल तर तो सामना धरला जाणार नाही. त्यांनी हंगामाचा तक्ता काढला, पट्टी ठेवली आणि ओळीओळीनं खाली सरकवत नेली. नव्वद. नव्वद. बहात्तर. नव्वद. डावऱ्या ओठांतल्या ओठांत मोजत होता. पट्टी एका ओळीवर थांबली.

"काय झालं?"

"एक्केचाळीस," ताई म्हणाल्या.

दोघांनाही तो दिवस आठवला. थंडीतला सामना, गोलशून्य बरोबरी, आणि पळता पळता डावऱ्याच्या मांडीची शीर खेचली गेली. मध्यंतराला चार मिनिटं उरली होती. लंगडत, ढकलत ती निघाली असती. पण प्रतिस्पर्धी नेमके त्याच बाजूनं घुसत होते. त्यानं स्वतःच हात वर केला आणि बदली खेळाडू मागून घेतला. त्याच बदली पोरानं पुढं गोल केला, सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता: मांडीला बर्फ बांधून बाकावर बसलेला डावऱ्या टाळ्या वाजवतोय.

"म्हणजे एकोणीस होतात?"

"पुन्हा मोजते."

पुन्हा मोजले. एकोणीसच झाले. तिसऱ्यांदा त्यानं मोजले. पंखा फिरत होता, तक्त्याचा कोपरा फडफडत होता, आणि ताईंना सही केली त्या दिवसाची दुपार जशीच्या तशी दिसली. याच खुर्चीवर बसून त्यानं विचारलं होतं, "ताई, हे पंचेचाळीस मिनिटांचं काय आहे?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "साचा आहे रे तो, सगळ्यांच्याच करारात असतो. तू काय अर्ध्यातून बाहेर येणारा गडी आहेस?" दोघंही हसले होते.

"अर्ध्यातून बाहेर येणारा गडी आहेस का, म्हणाला होतात तुम्ही तेव्हा," डावऱ्या म्हणाला. त्यालाही आठवलं होतं. "बरोबरच होतं तुमचं. मी कुठं कधी बाहेर आलोय?"

त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

त्यांनी लीगच्या कचेरीत फोन लावला. तिकडच्या कारकुनाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण पंधरा वर्षं आवाज ओळखीचा होता. पंचांच्या अहवालात काही वेगळं असेल, पंच उशिरा शिट्टी वाजवतात, लिहिताना चूक होते. तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "एक्केचाळीसच आहे, ताई. पंचांची सही आहे खाली. मी तरी काय करू?"

मग त्या व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या. चोवीस वर्षांत कुणासाठी शब्द टाकायला त्या आत गेल्या नव्हत्या.

"साहेब, चार मिनिटांचा प्रश्न आहे. आणि ती त्यानं क्लबासाठी सोडली. तुम्ही एक ओळ लिहून दिलीत तर..."

"मला कळत नाही का?" व्यवस्थापक म्हणाले. ते खिडकीकडे बघत होते. "पण त्याला सोडला तर उद्या आणखी सहाजण दारात उभे राहतील. डाव्या बाजूला माझ्याकडे दुसरा आहे कोण? संचालक मला विचारतील. माझीच खुर्ची महिनाभर टिकते की नाही, देव जाणे." मग म्हणाले, "त्या क्लबाला म्हणावं, किंमत द्या. फार नाही मागत."

ते खोटं बोलत नव्हते. बिचारे घाबरलेले होते. घाबरलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

बाहेर डावऱ्या फोनवर होता. "अगं, नाही... सही नाही झाली. चार मिनिटं कमी पडली... चार मिनिटं म्हणजे... थांब, ताईंना देतो."

त्यांनी फोन घेतला.

"ताई, मला नीट सांगा," पलीकडून बायकोचा आवाज आला. मागं कुणीतरी खोकत होतं. "त्याला ओरडताही येत नाही कुणावर. त्यानं कुणाचं वाईट केलं का?"

"नाही ग."

"मग शिक्षा कसली?"

"शिक्षा नाही. करारात तसं लिहिलंय."

"कुणी लिहिलं?"

ते पान ताईंच्याच बोटांखालून गेलं होतं. "छापील असतं ते," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मी इथं खोली बघून ठेवली होती हो," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "शाळेच्या समोरच." आणि तिनं फोन ठेवला.

किंमत कळवली गेली. आठव्या दिवशी त्या क्लबाचं उत्तर आलं, दोन ओळींचं. बत्तीस वर्षांच्या बचावपटूसाठी रक्कम मोजणं आम्हाला शक्य नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा. ताईंनी ते दिवसभर ड्रॉवरमध्ये ठेवलं, जणू वेळ गेला की मजकूर बदलेल. मग फाइलला लावलं.

दहाव्या दिवशी सकाळी डावऱ्या सही करायला आला. पगार निम्मा झाल्याचं मान्य असल्याचा कागद होता. आणखी दोन वर्षं तो इथंच बांधलेला होता. त्यानं दाढी केली नव्हती. सही मात्र नेहमीसारखीच, डावीकडे झुकलेली.

"ताई, त्या तक्त्याची एक झेरॉक्स द्याल?"

"कशाला रे?"

"बायकोला दाखवतो. तिला अजून वाटतं, मी मनापासून प्रयत्न केला नाही."

ताईंनी झेरॉक्स काढली. कागद अजून कोमट होता. त्यानं तो उभा राहूनच नीट वाचला, चार घड्या घातल्या आणि शर्टच्या खिशात ठेवला. ताईंना काहीतरी बोलायचं होतं. 'चुकलं माझं' म्हणावं तर चूक नेमकी कुठली, ते सांगता येईना. त्या फक्त म्हणाल्या, "जेवलास का?"

"जेवेन."

तेवढ्यात जिन्यावर धडपड ऐकू आली. भिंतीवरचा नऊ नंबरच्या फोटोचा मोठा फलक उतरवायचं काम चाललं होतं. माणसाच्या दुप्पट उंच, काचेच्या चौकटीतला. शिपायाला एकट्याला तो पेलवत नव्हता. चौकट वळणावर अडकली होती.

"थांबा, थांबा, काच जाईल," म्हणत डावऱ्या बाहेर गेला. त्यानं खालचं टोक धरलं आणि पाठमोरा, एकेक पायरी चाचपत उतरू लागला. खिडकीतून ऊन त्या काचेवर पडलं होतं. ताई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. खालून त्याचा आवाज येत राहिला, "सावकाश. पायरी आहे. अजून एक आहे. हां, आता सपाट आहे."