लाल नोझलचं पथ्य

रविवारी सकाळी पेट्रोलपंपावर तीन नोझल रिकामे होते आणि चौथ्यापुढे अकरा गाड्या. चौथा नोझल लाल. त्यातून जास्त ऑक्टेनचं उंची पेट्रोल येई, आणि शेजारी वैद्यबुवा उभे असत. तसे ते पंपावरचे विक्रेतेच. पण बॉनेटवर दोन बोटं टेकवून, डोळे मिटून गाडीची नाडी बघत, म्हणून हे नाव पडलं.

"टर्बो ना?" आमच्या छोट्या गाडीची नाडी बघून त्यांनी विचारलं. "इंजिन लहान, जीव मोठा. आणि तुम्ही त्याला साधं पेट्रोल पाजताय? पैलवानाला उपास घडवताय, साहेब!"

"चढावर दम लागतो हो तिला," माझा नवरा पेशंटच्या नातेवाइकासारखा म्हणाला.

"लागणारच. तीन टाक्या घ्या. पथ्य मात्र कडक. टायरमध्ये हवा पुरती, डिकी रिकामी, एसी बंद, पाय हलका. पेट्रोल अंगात मुरू द्या."

"माझी लिटरमागे दोन किलोमीटर जास्त जाते!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. मागच्याने अडीच सांगितले. तिनावर लिलाव थांबला.

"हेच पथ्य साध्या पेट्रोलवर पाळलं तर?" मी विचारलं.

वैद्यबुवांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "ताई, शंका आली की गुण येत नाही."

मागच्या सीटवरून आमची चार वर्षांची लेक म्हणाली, "गाडी फुस्स करते."

"आता नाही हं करणार, सोन्या," तिचा बाबा म्हणाला.

लेकीचं पाळणाघर उड्डाणपुलापलीकडे. कामावरून सुटून मी तिला घ्यायची आणि परत येताना पुलाच्या ऐन चढावर गाडी मान टाकायची. त्या आठवड्यात मागच्या ट्रकने इतक्या जवळून हॉर्न दिला की मी किंचाळलेच. लेक रडली नाही. उलट मलाच म्हणाली, "आई, घाबरू नको, मी आहे ना." ते मला हॉर्नपेक्षा जास्त लागलं.

पहिल्या टाकीनंतर डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा दीडने वाढला. नवऱ्याने त्याचा फोटो काढला, लेकीच्या पहिल्या दाताचा काढला होता तसा. पुलावर मात्र गाडी तशीच अडखळत होती. दुसऱ्या टाकीला इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

"उत्तम!" वैद्यबुवा म्हणाले. "दोष बाहेर पडतोय."

"दोष बाहेर पडेल, नाहीतर आम्ही तरी पडू," मी म्हणाले आणि वन्संना फोन केला.

वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, तंत्रशाळेत इंजिनं शिकवतात. आल्या त्या थेट लेकीसमोर उकिडव्या बसल्या.

"काय म्हणते गं गाडी?"

"फुस्स."

"केव्हा?"

"वर चढताना. आईने जोरात पाय दाबला की."

"अगं ताई, ती काहीही बोलते," नवरा म्हणाला.

"तुझ्यापेक्षा नेमकं बोलते. किल्ली दे. टाकी तळाला गेलीय, मी भरून आणते."

दोन तासांनी वन्सं परतल्या. आम्ही सगळे गाडीत बसलो, नवरा स्टिअरिंगवर. पूल आला. गाडी अशी सरळ वर गेली, जणू मधे चढ नव्हताच. पिवळा दिवाही विझलेला.

"बघा!" नवऱ्याने स्टिअरिंगवर थाप मारली. "तिसरी टाकी! मुरलं! अरे, लाल नोझलचं पेट्रोल पायाखाली कळतं!"

"फुस्स नाही केलं," लेक म्हणाली.

पूल उतरल्यावर वन्संनी त्याला गाडी कडेला घ्यायला लावली. पर्समधून पंपाची पावती काढून त्याच्या हातात दिली. साधं पेट्रोल. मग पिशवीतून बोटभर चीर गेलेला जाड रबरी पाइप काढला.

"टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, ती या पाइपातून. जोर लागला की चीर उघडायची, हवा बाहेर. तेच हिचं फुस्स. मी पाइप बदलून आणला."

"पण मग ऑक्टेन?"

"ऑक्टेन म्हणजे ताकद नाही रे, संयम. दाब वाढला की पेट्रोल ठिणगीच्या आधीच भडकू शकतं. जास्त ऑक्टेनचं तसं सहज भडकत नाही. काही टर्बो इंजिनांना ते लागतंच, काहींना भर उन्हात पूर्ण जोर लावताना थोडं कामी येतं. तुझ्या टाकीच्या झाकणामागे साधं चालेल असं लिहिलंय. वाचलंस कधी? आणि फाटलेल्या पाइपाला कुठलंच पेट्रोल टाके घालत नाही."

"मग वाढलेलं दीड?"

"पथ्याचं."

पुढचा आठवडा आम्ही साध्या पेट्रोलवर तेच पथ्य पाळलं. आकडा तोच आला. नवऱ्याने या वेळी फोटो काढला नाही.

रविवारी लाल नोझलपुढे तेरा गाड्या होत्या. त्यातल्या एखादीला ते पेट्रोल खरोखरच लागत असेल. तिने जरूर घ्यावं. बाकीच्यांना माझं सांगणं एवढंच: टाकीचं झाकण उघडता, तर त्यामागची ओळ वाचा. गाडी अडखळली, तर बॉनेटवर बोटं ठेवणाऱ्याकडे नको, बॉनेट उघडणाऱ्याकडे न्या. आणि मागच्या सीटवरून कुणी फुस्स म्हणालं, तर "सोन्या, गप्प बस" म्हणण्याआधी विचारा, "केव्हा गं?"