पाच रँडच्या दोन गाई

अडाण्याकडे पैसा असतो आणि जाणत्याकडे संपत्ती, असं झोलिलेकाकांचं ठाम मत होतं. त्यांच्याकडे तूर्त दोन्ही नव्हतं. मंडेलांचं हसरं तोंड असलेलं पाच रँडचं एक नाणं मात्र होतं. ते रुमालात, रुमाल पाकिटात आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात, असं तीन दारांआड राहायचं.

कोफिम्वाबा गावात कुणाला नाण्याबद्दल शंका आली की तो काकांकडे येई. हे दुर्मिळ का? घासून चमकवलं तर भाव वाढतो की उतरतो? विकायचं कुठे? शेवटचा प्रश्न सोडून काका सगळ्यांची उत्तरं देत. सुपरमार्केटात सुटे हाती पडले की तिथेच गल्ल्याशी उभं राहून ते एकेक नाणं चष्म्यासमोर धरत, आणि मागची रांग पार पिठाच्या पोत्यांपर्यंत जाई. आपलं नाणं दोन गाईंच्या किमतीचं आहे अशी त्यांची पक्की माहिती होती. ती मोबाइलवर आली होती, आणि खोटी असती तर इतक्या लोकांनी पुढे कशाला पाठवली असती?

लग्न ठरवायचं तर मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी गाई द्यायच्या, ही रीत. त्यासाठी पुतण्या लुंगिसाने राबून राबून आठ गाईंचे पैसे जमवले होते. मुलीकडचे दहा मागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलणी फिसकटली तर ती मुलगी, अंदिस्वा, केपटाऊनला नोकरीवर परत जाणार होती, आणि तिथे तिला बघणारे काय कमी होते? काका म्हणाले, उरलेल्या दोन माझ्यावर सोड. लुंगिसाने सोडल्या. बोलण्यांना नवऱ्यामुलाने जायचं नसतं. घरी बसून नखं खाणं तेवढं त्याच्या हातात होतं.

रीतीप्रमाणे मुलीकडच्यांनी काकांना फाटकाबाहेर उन्हात भरपूर ताटकळत ठेवलं. मग आत घेतलं. ब्रँडीच्या बाटलीने तोंडं उघडली. हल्ली कुणी गुरं हाकत आणत नाही, नोटांची पाकिटं आणतात. पण बोलायचं ते गाईंच्याच भाषेत. मुलीचे वडील वेलिले यांनी आठही पाकिटं निरखली, एक गाय लंगडते म्हणून तिच्यात शंभराची नोट वाढवून घेतली, आणि उरलेल्या दोन कुठे चरताहेत असं विचारलं.

काकांनी तिन्ही दारं उघडून नाणं चटईवर ठेवलं.

वेलिले त्याच्याकडे बघत राहिले. "व्याहीबुवा, ही गाय फारच लहान दिसते."

"लहान नाही. दोन आहेत. एकीमागे एक उभ्या आहेत."

आता हा माणूस हसणार, अशी काकांनी मनाची तयारी ठेवली होती. वेलिले हसले नाहीत. त्यांनी आतल्या दाराकडे चोरटी नजर टाकली, घाम पुसला आणि हळूच म्हणाले, "दोन जास्त होतात. दीड धरू."

काकांच्या अंगावर काटा आला. त्या नाण्याचा भाव करणारा माणूस त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटत होता. ते लगेच अडीचवर गेले.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि वेलिलेंची बायको नोंबुलेलो कॉफीचा डबा घेऊन बाहेर आली. बायकांनी या बैठकीत बोलायचं नसतं. म्हणून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"मी कुणाशी बोलत नाहीये. भिंतीला सांगतेय. भिंती, आमच्या यांच्याकडे असली सात आहेत. भाव चढला की एक विकू नि नवं छप्पर घालू, असं सांगून मला किती पावसाळे भिजवलं ते तू बघितलंयस. एकाला दीड गाय मिळतेय तर व्याह्यांना म्हणावं, सातही घ्या, आणि साडेदहा गाई आजच आमच्या दारात बांधा. अर्धीचं काय ते आपसात बघा."

तिने डबा चटईवर उपडा केला. आठ मंडेला हसत होते. खोलीत दुसरं कुणी हसत नव्हतं. गिऱ्हाइकाची इतकी वर्षं वाट पाहिली, आणि ते गिऱ्हाईक आपणच निघालो, हे काकांच्या ध्यानात आलं.

ते खाकरले. "व्याहीबुवा, सध्या बाजार पडलाय."

"कितीवर आलाय?" वेलिलेंनी पडेल आवाजात विचारलं.

"पाचावर."

"पाच गाई?"

"पाच रँड."

वेलिलेही भिंतीकडे बघू लागले. काकांनी मान खाली घातली. दोन गाई मागाहून येतील, म्हणाले. सगळ्याच एका दिवशी दिल्या तर दोन घरांत बोलायला काय उरणार? पोरगा कष्टाळू आहे. माझ्यावर गेलेला नाही.

मांडीशी सात नाणी घेऊन बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या ऐपतीबद्दल फार काही बोलता येत नाही. नकार असेल तर पाहुण्याला चहा विचारायचा नाही, टोपी हातात द्यायची, हे काका जाणून होते. त्यांची टोपी आतल्या दाराजवळच्या खुंटीला होती. नोंबुलेलो टोपीशेजारूनच आत गेली. आत भांडी वाजली, थांबली. ती परत आली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

"भिंती, चहा ठेवायचाय, पण काड्यापेटी संपलीय. व्याह्यांना विचार, त्यांचे ते पाच रँड देतात का."