वरच्या भाडेकरूंचे पाय

माझा चेहरा कुणी ओळखत नाही, पण माझे पाय ओळखणारी माणसं आजही आहेत. ही बढाई नव्हे. बढाई मारायलासुद्धा आधी चेहरा लागतो.

चाळीस वर्षांपूर्वी दर आठवड्याला एक मालिका लागायची. खाली एक कुटुंब राहायचं आणि वरच्या खोलीत एक भाडेकरू. कुटुंबाची भांडणं, आजारपणं, रुसवेफुगवे सगळं पडद्यावर दिसायचं. भाडेकरू मात्र कधी दिसले नाहीत. प्रत्येक भागात दिवेलागणीला त्यांची पावलं जिन्यावर वाजायची, वरचं दार लागायचं, आणि टेबलाशी बसलेली आजी मान वर न करता म्हणायची, “वरचे आले.” बस्स, एवढंच. पण लोक हातातली कामं टाकून त्या पावलांसाठी थांबायचे. ती पावलं मी वाजवायचे.

आमच्या कामात खरा जिना नसतो. एका बुटक्या लाकडी चौकटीत फळ्या ठोकलेल्या असतात. त्यावर उभं राहून, पुरुषी बुटांत बोटांशी चिंध्या कोंबून, हातात एक पिशवी धरून, समोर चाललेल्या चित्राकडे बघत जागच्या जागी चालायचं. चढण ऐकू यायला हवी असेल तर चवडा आधी टेकवायचा आणि टाच थोडी ओढून आणायची. अशा सपाट फळीवर मी दोनशे भाग चढत राहिले आणि एक इंचही वर गेले नाही. बढतीच्या बाबतीतही माझं तसंच झालं, पण तो विषय निराळा.

पहिल्या दिवशी दिग्दर्शक म्हणाले होते, “कामावरून आलेला माणूस आहे. बाकी तू ठरव.” मी काही ठरवलं नाही. पाय आपोआप बाबांसारखे पडायला लागले.

बाबा विजेचे मीटर वाचायचे. दिवसभर लोकांचे जिने चढायचे आणि शेवटी आमचा. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. पहिल्या चार झपझप, पाचवीवर पिशवी या हातातून त्या हातात, मग एकसारखी चाल, आणि शेवटच्या दोन पायऱ्या मुद्दाम जोरात, म्हणजे आम्हा बहिणींना पुस्तकं उघडून बसायला वेळ मिळावा. बावन्नाव्या वर्षी ते गेले. मी एकोणीस वर्षांची होते. फळीवर उभी राहिले की ते पुन्हा चढत यायचे. मी फक्त बूट घालून त्यांना वाट करून द्यायचे. खोलीत अंधार असायचा, कानांवर हेडफोन, आणि पुष्कळदा मला कळायचंच नाही की मी चालतेय की ऐकतेय.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. ताईलासुद्धा नाही. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आयुष्यभर इस्पितळात नर्स. संध्याकाळची पाळी असल्यामुळे तिने त्या मालिकेचा एकही भाग पाहिला नाही. पुढे कधी मी विषय काढला तर म्हणायची, “तुझी टकटक ऐकायला मी पेशंट वाऱ्यावर सोडून यायचं होतं का?”

गंमत अशी की मालिकेतल्या जिन्याला तेराच पायऱ्या होत्या. आमच्या कामात चित्राकडे बघून मोजायचं असतं. मी आठवणीतून मोजत होते आणि चौदा वाजवत होते. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. कित्येक वर्षांनी चाहत्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती चूक डोक्यावर घेतली. कुणी म्हणालं, वरचे एक पायरी दोनदा चढतात, कारण तिथे त्यांना कुणाची तरी आठवण येते. दातांचे एक डॉक्टर या चाहत्यांचे पुढारी. त्यांनी चौदाव्या पायरीवर बत्तीस पानी लेख लिहिला. मी तो वाचला. त्यात मी सोडून सगळं होतं.

आता ती मालिका नव्याने करायचं ठरलं आणि या मंडळींची झोप उडाली. भिंतीचा रंग तोच हवा. टेबलाचा एक पाय तसाच हलता हवा. आजी नवी चालेल, पण तिने मान वर करता कामा नये. थोडक्यात, नवी मालिका हवी, पण तिच्यात नवं काही नको. मधेच बातमी आली की यंदा भाडेकरूंचा चेहरा दाखवणार. त्यावर एवढा गदारोळ झाला की निर्मात्यांनी आठवड्यात माघार घेतली. मग पावलं संगणकावर तयार करणार असं कळलं, आणि डॉक्टरांनी पुन्हा दंड थोपटले. “पाय तेच हवेत,” त्यांनी लिहिलं. खाली चार हजार लोकांनी होकार दिला.

म्हणून नवी दिग्दर्शिका आम्हा दोघी बहिणींच्या घरी आली. ताईच्या नातीच्या वयाची असेल. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, “मावशी, जुन्या टेपांवर पावलांच्या अंगावर संगीत आणि संवाद आहेत. सुटी करता येत नाहीत. संगणकाने त्यांवरून नवी पावलं बनवलीत, छान झालीत. पण तुम्ही येणार असाल तर मला तुम्हीच हव्यात.”

“आणि माझी जमली नाहीत तर?”

तिने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, हे मला आवडलं. “चाहत्यांच्या मंडळाच्या लोकांना दोन्ही ऐकवू, कुठली कुणाची ते न सांगता. ते म्हणतील ती घ्यायची, असं ठरलंय.”

मी हो म्हटलं. ती गेल्यावर ताई म्हणाली, “एकाहत्तर वर्षांची बाई तू. गुडघ्यात लोखंड घालून घेतलंस. आणि त्या पोरीने दोन गोड शब्द बोलून तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.”

“जिन्यावर,” मी म्हटलं.

ती हसली नाही. तेलाची बाटली आणली आणि गुडघा चोळायला बसली. तिला काय सांगणार होते? की मला काम नको होतं, कौतुकही नको होतं. कुठल्या तरी यंत्राने बाबांसारखं चालावं हे मला सहन होत नव्हतं. ते माझ्या पायांत होते. दुसरीकडे कुठे नव्हतेच.

पुढचे पंधरा दिवस मी दुपारी पडले की एकच स्वप्न पडायचं. आमचा जुना जिना, कठड्यावर कोवळं ऊन, आणि बाबा माझ्यापुढे दोन पायऱ्या. पाठ दिसायची, पिशवी दिसायची. मी भराभर चढायचे आणि अंतर तेवढंच राहायचं. जिना संपत नव्हता आणि मला त्याची घाईही नव्हती. जागी झाले की पोटऱ्या खरोखरच दुखत असायच्या.

ठरल्या दिवशी सकाळी स्टुडिओत गेले. सगळं नवं होतं, पण चौकट आणि फळ्या तशाच. त्यांनी दिवे मंद केले. हेडफोन लावल्यावर बाहेरचं जग दूर गेलं आणि माझा स्वतःचा श्वास कुणा दुसऱ्याचा असावा तसा ऐकू येऊ लागला. पडद्यावर रिकामा जिना होता. मी डोळे मिटून घेतले.

पहिल्या चार पायऱ्या झपझप यायला हव्या होत्या. एकेक करून आल्या. पाचवीवर पिशवी या हातातून त्या हातात गेली, ते मात्र जमलं. सहा, सात, आठ. नवव्या पायरीवर गुडघा अडला. तिथे कठडा नव्हता, तरी माझा हात कठड्यावर गेला. मी थांबले. थांबायचं नव्हतं, बाबा कधीच थांबले नव्हते. मग दम घेऊन उरलेल्या पाच पायऱ्या चढले, आणि शेवटच्या दोन जोरात वाजवायच्या राहून गेल्या. डोळे उघडले तेव्हा काचेमागून दिग्दर्शिका माझ्याकडे बघत होती.

“पुन्हा करू या?” तिने विचारलं.

“पुन्हा केलं तरी असंच होणार,” मी म्हटलं.

दुपारी मंडळाची आठ-नऊ माणसं शेजारच्या खोलीत जमली. मी मागच्या रांगेत बसले. अंधार केला आणि पहिली पावलं लावली. ती माझी होती. कुणी खोकलं, कुणी पाय हलवला. नवव्या पायरीपाशी एकाने उसासा टाकला. मग दुसरी पावलं आली. चार झपझप, पाचवीवर बदल, मग एकसारखी, आणि शेवटच्या दोन दणदणीत. चौदा. या वेळी कुणी खोकलं नाही. एक बाई पदराने डोळे टिपत होती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला.

दिवे लागले. डॉक्टर थेट माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. भला माणूस, चेहरा आनंदाने फुलला होता. “ओळखलं आम्ही,” ते म्हणाले. “दुसरी ऐकताक्षणी ओळखलं. यंत्राला काय कळणार? पहिला तर कुणी भलताच होता. दमलेला, म्हातारा कुणीतरी. ते वरचे नाहीतच.”

दिग्दर्शिका जमिनीकडे बघत होती. गप्प राहिले असते तर मान टिकला असता; पण माझा स्वभाव तसा नाही.

“तो म्हातारा मीच,” मी म्हटलं.

डॉक्टरांचे हात तसेच राहिले. मागून कुणी तरी हळूच म्हणालं, पुन्हा एकदा ऐकू या. मी नको म्हटलं. सगळ्यांना सांगितलं की तुम्ही कानांशी प्रामाणिक राहिलात, आता यंत्राचीच पावलं घ्या, ती चांगली आहेत. ते मी मनापासून बोलले आणि मला फार वाईट वाटत होतं, दोन्ही खरं. बाबा आता त्या डब्यात झपझप चढत राहणार होते, बावन्न वर्षांचे, आणि मी तिथे कुणी नव्हते.

निघताना दिग्दर्शिका दारापर्यंत आली. “मावशी, नापास झालेलं पुसून टाकतात,” ती म्हणाली. “माझा हात धजत नाहीये. तुमच्या फोनवर पाठवू?”

घरी आले तेव्हा चार वाजत आले होते. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती, चष्मा छातीवर, पुस्तक मांडीवर. घोरत नव्हती, म्हणजे अर्धवट झोपेत असावी. तिला उठवलं असतं तर “मी सांगितलं होतं” असं ऐकावं लागलं असतं. मी पलंगावर बसले आणि फोन उशीवर ठेवला. त्यात काय एवढं चुकलं होतं ते एकदा ऐकायचं होतं.

बारीक आवाजात पावलं सुरू झाली. एक, दोन, तीन, चार. पाचवीवर पिशवीचा बदल. खोलीत पिवळं ऊन होतं आणि पावलं त्या उन्हातून वर येत असल्यासारखी वाटत होती. नववी पायरी आली. पावलं थांबली. फोनमधून श्वास ऐकू येत होता, मोठा आणि खडबडीत.

“बाबा आज दमलेत गं,” ताई म्हणाली.

तिने डोळे उघडले नव्हते. बोलताना आवाज असा होता, जसा ती बारा-तेरा वर्षांची असताना असायचा, हुकूम सोडणारा. पावलं पुन्हा हळूहळू चढू लागली.

“ऊठ,” ती म्हणाली. “पाणी नेऊन दे त्यांना.”

मी उठले. पेला भरला, आणि तो हातात धरून दार उघडून उभी राहिले.